वीट परत ठेवून ये

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

तू सोमवारी पुण्याला गेल्यावर चिखलाची पँट भिजत घालावी म्हणून तुझी सॅक उपडी केली, तेव्हा टॉवेलात गुंडाळलेली वीट खाली पडली. तिच्या एका कडेला अजून चुना चिकटलेला आहे आणि मधोमध ओल्या मातीत कोणाच्या तरी बोटाची उमटलेली रेघ आहे. ती पळसनाथाच्या देवळाच्या शिखराची आहे हे मला कोणी सांगावे लागले नाही. तू तिथे गाळातून चालत गेलास की होडीने, हे तू फोनवर टाळलेस. पण तो विषय मी आज काढणार नाही.

तू म्हणशील की तिथे विटांचा खच पडला आहे, एक आणली तर काय बिघडले? उजनी धरणाच्या पाण्यात ते देऊळ महिनोन्‌महिने बुडालेले असते, आणि पाणी ओसरले की तेच दगड व विटा उन्हाळाभर तापतात. या भिजण्या-वाळण्याने चुना भुसभुशीत होतो. एक वीट निघाली की त्या फटीतून पाणी आत शिरते आणि शेजारच्या विटाही सैल होतात. खाली पडलेली वीटसुद्धा तिथेच असावी लागते, कारण उद्या कोणी जाणकार डागडुजीला उभा राहिला तर कुठला भाग कसा ढासळला हे त्याला त्या ढिगावरूनच कळणार. शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंसाठी १९७२ चा कायदा आहे, तोही वाचून घे. मात्र ही वीट कायद्याच्या धाकाने परत जावी असे मला वाटत नाही.

धरण १९८० साली पुरे झाले, त्याआधीच आम्ही पाण्याखाली जाणारे आपले गाव, जुने पळसदेव, सोडले होते. आप्पांनी घराचे दार, चौकट, तुळया, एवढेच काय कडीकोयंडेसुद्धा बैलगाडीत घातले. आजी म्हणाली, उंबराही घ्या. आप्पा पहार घेऊन वाकले, थोडा वेळ तसेच थांबले, आणि पहार गाडीत टाकून बैलांकडे गेले. उंबरा तिथेच राहिला. नंतर अण्णामामाने त्यावरून किती वाद घातला, ते तुला ठाऊकच आहे. तू देवळापर्यंत गेलास, मग आपल्या आळीपर्यंत गेला होतास का? विचारायचे राहूनच गेले.

मागच्या उन्हाळ्यातला आणि यंदाचा फोटो शेजारी ठेवून तू भिंतीतली भेग रुंदावलेली दाखवलीस, ते मी समोरच्या काकूंना तीनदा दाखवले. असे काम कोणी सांगितल्यावाचून करणारा मुलगा आपला आहे याचे मला फार अप्रूप आहे. म्हणूनच त्या शेवटच्या फोटोत वीरगळावर, लढाईत पडलेल्या वीराच्या त्या स्मारकशिळेवर, खडू फिरवलेला पाहून वाईट वाटले. खडू तू नाही, तुझ्या मित्राने फिरवला असेल. पण तू शेजारी उभा होतास ना? सकाळी लवकर किंवा दिवस कलताना ऊन तिरपे पडते, तेव्हा झिजलेला घोडेस्वारसुद्धा आपोआप उठून दिसतो. त्याला खडू नको, तेल नको आणि पाणी तर मुळीच नको. शिखरावर चढून काढलेला तुझा फोटो मी बाबांना दाखवलेला नाही.

आणि होडीने गेला असशील तर लाइफ जॅकेट होते का? मे २०२४ मध्ये कुगावहून कळाशीला निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसे गेली. ती माणसे त्याच भागातली होती. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर त्या पाण्याचा भरवसा धरू नये. गाळाचेही तसेच आहे: वरून भेगाळलेला, कोरडा ठणठणीत दिसतो आणि पाय ठेवताच मांडीपर्यंत ओढून घेतो. लहानपणी आमची म्हैस अशीच रुतली होती, तिला बाहेर काढायला सात माणसे लागली होती. एकट्याने जाऊ नकोस, कुठे जातोस ते सांगून जा.

पाहा, नाही नाही म्हणता मी पुन्हा तिथेच आले. चिडू नकोस. पंचविशीच्या मुलाला एवढे ऐकवू नये हे मला कळते. पण वीट परत ठेव म्हणायचे आणि तिकडे जाऊ नको असेही म्हणायचे, हे एका दमात कसे साधावे ते मला कळत नाही.

म्हणून असे ठरवले आहे की मीच तुझ्याबरोबर येते. वीट जुन्या साडीत गुंडाळून फडताळात ठेवली आहे. मृगाच्या आत एखाद्या रविवारी ये. पहाटे निघू आणि ऊन चढायच्या आत परत फिरू. जिथून उचललीस ती जागा तुझ्या फोटोत असेल, तो फोटो तेवढा पुसू नकोस. लाइफ जॅकेट दोन आण. बाबा येणार नाही म्हणतात, तरी तीनच आण. पाणी पुरेसे उतरलेले असेल तर तुला उंबरा दाखवीन.

तुझी,
आई