आशाताई, तुम्ही भिंतीवर चिकटवलेल्या त्या कागदासाठी

ताई नमस्कार,

तुम्ही घरी येता तेव्हा कायम घाईत असता, चहालाही थांबत नाही, त्यामुळे बोलायचं राहूनच जातं, म्हणून इथे लिहितेय.

दिवाळीनंतर तुम्ही पिशवीतून तो एकपानी कागद काढलात आणि आधी सासूबाईंना विचारलंत, लेकराची पसली उडते त्याला तुम्ही काय म्हणता? त्या म्हणाल्या डबा. तुम्ही लगेच छापलेल्या न्यूमोनियाच्या बाजूला पेनाने 'डबा' लिहिलंत आणि कागद पाळण्यासमोर चिकटवलात.

जानेवारीत रात्री दोन वाजता बाळ तापाने फणफणलं, तेव्हा आठ महिन्यांचं होतं, दूध पण ओढेना, मला काही सुचेना आणि समोर तो कागद. त्यावर लिहिलेलं, लेकरू रडत नसताना कपडा वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा, २ महिन्यांच्या आतलं असेल तर ६०, २ ते १२ महिने ५०, पुढे ५ वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त भरले तर थांबू नका. ह्यांनी मोबाईलवर मिनिट लावलं, मी मोजलं, ६४. परत मोजलं तर ६२, आणि चित्रातल्यासारखी श्वास घेताना छातीखालची बाजू आत ओढली जात होती. सासूबाई आधी सकाळपर्यंत थांबू म्हणत होत्या, आमच्याकडे अजून कोणी कोणी पोटाला चटके पण देतात ताई, तुम्हाला माहीतच आहे. पण कागदावर त्यांचाच शब्द होता ना, तो बघून त्याच म्हणाल्या, १०८ ला फोन लाव.

पाच दिवस ऑक्सिजन, इंजेक्शनं, सगळं झालं. आता पोरगं घरभर रांगतंय.

आपल्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८८ च्या सुमाराला गावातल्याच माणसांना लेकरांचे श्वास मोजायला शिकवलं होतं हे मला दवाखान्यात कळलं, इतकी जुनी गोष्ट आणि आमच्या घरात ती तुमच्यामुळे आली. चूल आता पाळण्यापासून लांब, मागच्या पडवीत नेलीय, आणि नऊ महिन्यांचा पीसीव्हीचा, म्हणजे न्यूमोनियाच्या लसीचा डोस पण दिला.

कागदाच्या २० झेरॉक्स काढून पिठाच्या गिरणीत आणि रेशन दुकानात लावल्यात, तुम्हाला न विचारता, रागावू नका. माझी मैत्रीण भामरागडकडे अंगणवाडीत आहे, तिलाही फोटो पाठवला आणि सांगितलं, 'डबा' खोड आणि तिथल्या बायांना विचारून त्यांचा माडिया शब्द लिही.