डोंगरात गाडीवरून निघणाऱ्या मित्रास

प्रिय दोस्ता,

तुझी सामानाची यादी मिळाली. वाचूनच माझी कंबर दुखायला लागली, गाडीचं काय होईल ते तीच जाणे. दोन जीन्स, बुटांचे तीन जोड, घडीची खुर्ची, कॉफीचं यंत्र, आणि हत्यारांच्या रकान्यात मात्र नुसतं 'गाडीसोबत आलेलं आहे'! फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहूनच काढतो.

प्रत्येक वस्तूला आधी एक प्रश्न विचार. अंधारात, पावसात, बोटं गारठलेली असताना ही मला पिशवीतून काढता येईल का, आणि काढली तर वापरता येईल का? यातलं एकही उत्तर 'नाही' असेल तर ती वस्तू घरीच राहू दे. वस्ती विरळ असली की जवळ नसलेल्या वस्तूची फार खंत करून उपयोग नसतो. जवळ असूनही चालवता न येणारी वस्तू मात्र डोकं उठवते.

हत्यारांपासूनच सुरू करतो. कंपनीने सीटखाली दिलेल्या पिशवीत बहुतेकदा मागच्या चाकाच्या नटाचा पाना एकतर नसतोच, किंवा असतो तो इतका आखूड की घट्ट बसलेल्या नटाला जोर पुरत नाही. निघण्याच्या आठवडाभर आधी एक सुट्टीचा दिवस काढ. सोबत नेणार आहेस तेवढीच हत्यारं जमिनीवर मांड आणि त्यांनीच मागचं चाक काढून परत बसव. शेजाऱ्याकडून काही उसनं आणायचं नाही. जे हत्यार लागलं आणि नव्हतं ते यादीत घाल, जे एकदाही हाती घेतलं नाहीस ते काढून टाक. माझ्या दहा पानी सल्ल्यापेक्षा ही एक दुपार तुला जास्त शिकवेल.

चाक निघालंच आहे तर पंक्चरही करून बघ. टायर ट्यूबलेस असेल तर काम सोपं: खिळा उपट, भोक कानशीने खरवड, चिकट पट्टी आत ढकल, हवा भर. तारांच्या चाकात सहसा ट्यूब असते आणि तिथे खरी परीक्षा. टायरची कड रिमपासून सुटता सुटत नाही. टायर आडवा टाकून दुसऱ्या गाडीचा साइड स्टँड त्या कडेवर टेकवायचा आणि त्या गाडीचा भार द्यायचा, म्हणजे ती सुटते. मग लिव्हर, म्हणजे टायर उचकटायची लोखंडी पट्टी, लावताना लोक नुसती ताकद लावत बसतात. ताकदीचं काम नाही ते. लिव्हरच्या बरोबर समोरच्या बाजूला टायरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात गुडघ्याने दाबून धर. तिथे ढिलाई मिळाली की इकडे कड अलगद वर येते. परत बसवताना ट्यूबमध्ये थोडीशी हवा राहू दे, नाहीतर लिव्हरच्या टोकाखाली ती चिमटते आणि नवीकोरी ट्यूब पहिल्याच मिनिटाला जाते. पुढची आणि मागची अशा दोन ट्यूब घे, वर ठिगळांचा डबा. पंप हातानेच मारायचा घे. बॅटरीवरचा छोटा पंप मलाही आवडतो, पण एकट्या त्याच्या भरवशावर मी निघणार नाही.

सुट्या भागांत फार वाहवत जाऊ नकोस. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर, एक स्पार्क प्लग, फ्यूज, चेनची जोडकडी, झिप टाय, डक्ट टेप, थोडी तार आणि दोन भाग मळून लावायची ती धातूची लांबी (एपॉक्सी पुट्टी). दगडाने इंजिनच्या खालच्या कव्हराला चीर गेली तर ती जागा साबणाने निपटून धुऊन, कोरडी करून लांबी थापायची आणि पूर्ण कडक होईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. क्लच केबल मात्र पिशवीत ठेवूच नकोस. जुन्या केबलच्या शेजारून तिच्याच वाटेने आत्ताच ओवून ठेव, दोन्ही टोकं टेपने बंद कर. जुनी तुटली की दोन टोकं बदलायची आणि निघायचं. टाकी उचला, वायरींमधून वाट काढा, ही कटकट थंड वाऱ्यात नको.

आता वजन. गाडीच्या पुस्तिकेत कमाल भार लिहिलेला असतो. त्यात तू स्वतः, तुझं हेल्मेट, बूट, जॅकेट, पिशव्या आणि जादा पेट्रोल हे सगळं आलं. वजा करत जा म्हणजे सामानाच्या वाट्याला किती थोडं उरतं ते दिसेल. जड वस्तू खाली आणि जितक्या पुढे सरकवता येतील तितक्या पुढे: हत्यारं आणि पाणी सॅडलबॅगच्या (सीटच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्यांच्या) तळाशी, शक्यतो मागच्या आसाच्या पुढे. सीटच्या मागे बांधायच्या टेलबॅगमध्ये झोपायची पिशवी, कपडे असलं हलकंफुलकं. शेपटाला वजन लटकवलंस तर चढावर पुढचं चाक हलकं पडतं आणि सुट्या खडीत हँडल भलतीकडे जायला लागतं. भार वाढला की मागचं सस्पेन्शन कडक कर, टायरची हवा पुस्तिकेप्रमाणे वाढव, आणि हेडलाइट खाली घे. मागून गाडी बसली की प्रकाश झाडांच्या शेंड्यावर पडतो.

पेट्या ॲल्युमिनियमच्या घेऊ की कापडी, असं तू विचारलं होतंस. कापडी. पेट्या रुबाबदार दिसतात, कुलूप लागतं, वर बसून जेवताही येतं. पण कच्च्या रस्त्यावर गाडी आडवी होणारच, आणि तेव्हा पाय पेटीखाली सापडला तर हाड मोडू शकतं. कापडी पिशवी तोंडाची गुंडाळी करून बंद होणारी असू दे. गुंडाळी किमान तीनदा, आणि त्याआधी गुडघ्याने दाबून आतली हवा बाहेर. बांधायला हुकवाली लवचिक दोरी नको. हुक निसटला तर सरळ डोळ्यावर येतो आणि दोरी चेनमध्ये जाते. बकलचे सपाट पट्टे घे आणि उरलेली टोकं खोचून टाक. आमच्यातल्या एकाच्या पट्ट्याचं लोंबतं टोक घाट उतरताना मागच्या स्प्रॉकेटने, म्हणजे चेनच्या दातेरी चक्राने, ओढून घेतलं. नशीब, वेग नव्हता. पण ते नायलॉन असं वितळून दातांत बसलं होतं की ब्लेडने खरवडून काढता काढता संध्याकाळ झाली.

कपड्यांचं सांगायचं तर जीन्स दोन्ही काढून टाक. सुती कापड पाणी धरून ठेवतं, वाळत नाही, आणि ओलं झालं की अंगातली ऊब खाऊन टाकतं. दर हजार मीटरला तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरतं. पायथ्याशी १००० मीटरवर २५ अंशांत घाम पुसत निघालेला माणूस ४००० मीटरवर ५-६ अंशांत पोचतो. त्यात गाडी ६० च्या वेगाने चालली असेल तर उघड्या कातडीला ते उणे १-२ सारखं लागतं. म्हणून अंगालगत लोकरीचं किंवा सिंथेटिक थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर रायडिंग जॅकेट. थर्मलचे दोन जोड पुरे, त्यातला एक फक्त झोपताना घालायचा. तो कोरडाच राहिला पाहिजे, मग दिवसा काहीही होवो.

पावसासाठी जॅकेटच्या आत लावायचं अस्तर मिळतं, त्याच्या नादी लागू नकोस. ते लावायला भर पावसात जॅकेट उतरवावं लागतं, शिवाय बाहेरचा थर भिजून जड आणि गार होतो. वरून घालायचा रेनसूट घे, एक माप मोठा, आणि तो सगळ्या सामानाच्या वर, एका हाताने निघेल असा ठेव. बुटांसकट पँट चढवताना ती टाचेत अडकते. बुटावर प्लॅस्टिकची पिशवी चढवलीस की सटकन आत जाते. ती पिशवी रेनसूटच्या खिशातच राहू दे. ढग दिसले की थांबून घाल, 'अजून थोडं पुढे जाऊ' करू नकोस. हातमोजे दोन जोड, आणि दोन्हींवरून जाईल असा एक मोठा जलरोधक जोड. बोटं बधिर झाली की ब्रेक किती दाबला ते कळत नाही, म्हणून हा खर्च मी ब्रेकच्या खात्यातच धरतो.

पेट्रोलचा हिशेब पुस्तकी मायलेजवर करू नकोस. पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये चढ चढताना गाडी बरंच जास्त पिते. शिवाय दर हजार मीटरला इंजिनची ताकद साधारण दहा टक्क्यांनी घटते, कारण हवाच विरळ. इंजेक्शनची गाडी मिश्रण आपलं आपण सांभाळते, कार्ब्युरेटरची काळा धूर काढत कुरकुरते. जादा पेट्रोल इंधनासाठीच बनवलेल्या कॅनमध्ये घे, पाण्याच्या बाटलीत अजिबात नाही. कॅन काठोकाठ भरू नकोस. वर गेल्यावर बाहेरचा दाब कमी होतो, कॅन टम्म फुगतो, म्हणून झाकण हळूहळू सैल कर आणि तोंड बाजूला ठेव.

औषधांच्या डब्यात तुझी रोजची औषधं दोन ठिकाणी विभागून, पॅरासिटामॉल, ओआरएस, दाबपट्टी, भरपूर गॉज, त्रिकोणी पट्टी, चिमटा, आणि सायलेन्सरने पोळलं तर त्यासाठी ड्रेसिंग. प्रथमोपचाराचा वर्ग लावलेला नसेल तर आधी तो लाव. उंचीवरचा त्रास टाळायला ॲसिटाझोलामाइडची गोळी घ्यायची का, हे डॉक्टर ठरवतील. सल्फाची ॲलर्जी असेल तर तसं त्यांना सांग. पण गोळीपेक्षा चढण्याची गती महत्त्वाची. ३००० मीटरच्या वर गेलास की झोपायची जागा आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त उंच नको, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम. गाडीवर दम लागत नाही, त्यामुळे किती वर आलो याचा पत्ताच लागत नाही. डोकेदुखी आणि मळमळ सुरू झाली की आणखी चढायचं नाही. झोकांड्या जायला लागल्या किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असो, पाऊस असो, कुणाला तरी सोबत घेऊन खाली उतरायचं. आणि त्या अवस्थेत स्वतः गाडी चालवायची नाही. म्हणून तुझ्या आराखड्यात दोन मोकळे दिवस घाल. तुझ्या यादीत सगळं होतं, ते तेवढे नव्हते.

पाण्याबद्दल थोडक्यात: उकळत असशील तर २००० मीटरच्या वर तीन मिनिटं खळखळू दे, कारण तिथे पाणी कमी तापमानालाच उकळतं. गाळणीची नळी नेत असशील तर रात्री ती झोपायच्या पिशवीत घे. एकदा गोठली की आतले धागे फुटतात आणि बाहेरून काही दिसत नाही. पॉवर बँक आणि फोनही तिथेच. लिथियमची बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नसते.

फोन हँडलवर नको. इंजिनच्या थरथरीने कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा ॲपलनेच २०२१ मध्ये दिला होता. लावायचाच तर कंपन शोषणारा माउंट घे. नकाशे आधीच उतरवून ठेव आणि सोबत कागदी नकाशा ने. उपग्रहावरून निरोप धाडणारं यंत्र भाड्याने मिळत असेल तर जरूर घे, पण आधी तिथला कायदा बघ, काही देशांत सॅटेलाइट फोन बाळगायलाही परवानगी लागते. कागदपत्रांच्या प्रती वेगळ्या पिशवीत, रक्तगट आणि ॲलर्जीची चिठ्ठी जॅकेटच्या खिशात. हेडलॅम्प कपाळावर बांधायचाच घे, चाक काढताना दोन्ही हात मोकळे लागतात.

कॉफीच्या यंत्रावर मी काही बोललो नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. खुर्ची सोडलीस तर ते ने बापडा. माणसाला एखादं लाडकं ओझं असावं.

सगळं बांधून झालं की एक दिवस पूर्ण भारासह जवळपासच्या कच्च्या रस्त्यावर गाडी फिरवून आण. परतल्यावर प्रत्येक पट्टा तपास. जो सैल झाला असेल तिथली बांधणी बदल. आणि गाडी मुद्दाम आडवी करून एकट्याने उचलून बघ. उचलत नसेल तर सामान अजून कमी कर.

तुझाच,
तुला ठाऊक असलेला किरकिऱ्या

ता. क. – माझ्याकडे चेनच्या जोडकड्या जादा आहेत. तुझ्या चेनच्या कडेच्या पट्टीवर नंबर कोरलेला असेल, ५२० किंवा ५२५ असा काहीतरी. पुसून, उजेडात धरून वाच आणि कळव. त्याच मापाची कडी असेल तर पाठवतो, नसेल तर तुला विकत घ्यावी लागेल.