शनिवारच्या बैठकीची आठवण : इंग्रजीचा तास आणि मुलांचं मन

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील आठवी ते दहावीच्या इंग्रजी शिक्षकांनो, शनिवारी सकाळची शाळा सुटली की भेटूया. वर्गात करून पाहिलेला एक उपक्रम प्रत्येकाने आणावा.

मी चिठ्ठ्यांची पेटी आणतेय. मुलं नाव न घालता ‘आय फेल्ट… व्हेन…’ असं एक वाक्य लिहितात, दुसरं कुणीतरी त्याला मित्रासारखं उत्तर लिहितं. आधी मराठी ‘राग’ किंवा कन्नड ‘सिट्टु’ म्हटलं तरी चालेल. मग ‘हर्ट’, ‘जेलस’, ‘लेफ्ट आउट’ यांतला नेमका शब्द शोधायचा. सगळंच ‘अँग्री’ नसतं, हे मुलांना तिथंच उमगतं.

चिठ्ठ्या वाटण्याआधी शिक्षकांनी स्वतः वाचाव्यात. अक्षरावरून नाव ओळखायला सक्त मनाई. गंभीर काही आढळलं तर ती चिठ्ठी बाजूला ठेवावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या १० जीवनकौशल्यांत समानुभूती, म्हणजे दुसऱ्याच्या भावना त्याच्या जागी राहून समजून घेणं, आहे, पण आपल्या वेळापत्रकात तिला तास नाही. म्हणून नक्की या.