जोशुआ ट्रीला निघण्याआधी

देवगड

चि. मंदार यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "बाबा, तुमच्या त्या कॅसेटवाल्याचं प्रेत मित्राने पळवून जाळलं ना, तिथेच चाललोय." मागे तुझ्या मित्रांचा हशाही ऐकू आला. मग रेंज गेली. बोलायचं राहिलं ते लिहितो, कारण त्या अमेरिकन गायकाची, ग्रॅम पार्सन्सची, तेवढीच एक गोष्ट लोकांना ठाऊक असते.

ती कॅसेट मी १९९२ साली न्यू ऑर्लिन्सला घेतली. आमचं जहाज मिसिसिपीत धान्य भरायला लागलेलं आणि पाऊस हटेना. पावसात हॅच, म्हणजे मालाच्या कोठाराची झाकणं, उघडत नाहीत, म्हणून आम्हा इंजिनवाल्यांनाही दोन तास किनाऱ्यावर मिळाले. एका जुन्या रेकॉर्डच्या दुकानात भिजत शिरलो तर त्याचं 'हिकरी विंड' हे गाणं लागलेलं. हिकरी हे झाड कसलं तेही मला माहीत नव्हतं. पण गाणाऱ्याला घर आठवतंय, एवढं कळायला शब्दकोश लागला नाही. तू तेव्हा आठ महिन्यांचा होतास आणि मी तुला अजून पाहिलंही नव्हतं. त्या गावाला लागूनच, मेटारीत, त्याला पुरलंय हे मला फार नंतर कळलं.

आता त्याचं घर. आजोळची फ्लोरिडात संत्र्या-मोसंब्यांची बागायत, आपल्या दीडशे कलमांसारखी नव्हे, राज्यात नाव असलेली. पैशाला तोटा नाही. वाढला जॉर्जियात, वेक्रॉसला. नऊ वर्षांचा असताना तिथेच एल्व्हिसला स्टेजवर पाहिलं. १९५८ च्या नाताळाच्या दोन दिवस आधी बापाने स्वतःला गोळी घालून घेतली. पोर बारा वर्षांचं. आईने पुन्हा लग्न केलं, 'पार्सन्स' हे आडनाव त्या सावत्र बापाचं. १९६५ साली शाळेचा पदवीदान समारंभ होता त्याच दिवशी आई दारूपायी गेली. पुढे हार्वर्डला धर्मशास्त्र शिकायला गेला, एक सत्र टिकला. तुझी आई म्हणते असल्या घरातला मुलगा आणखी काय करणार. मला ते पटत नाही. पैसा घरून येत होता म्हणून रियाजाचा आळस, हे मात्र त्याच्या सोबत्यांनीही सांगितलंय.

पण कान बघ. १९६८ साली लांब केसांच्या पोरांना कंट्री, तिकडचं गावाकडचं संगीत, म्हणजे खेडवळ, म्हाताऱ्यांचं, गोऱ्या सनातन्यांचं गाणं वाटायचं. हा एकवीस वर्षांचा मुलगा बर्ड्ससारख्या नावाजलेल्या रॉक बँडमध्ये शिरला आणि त्यांना थेट कंट्रीच्या माहेरी, नॅशव्हिलला, घेऊन गेला. मार्चमध्ये ग्रँड ओल ओप्रीत गायला मिळालं. ओप्री म्हणजे कंट्रीवाल्यांचं देऊळच. प्रेक्षकांनी केस बघून हुर्यो केली. निवेदकाने मर्ल हॅगर्ड या कंट्री गायकाचं गाणं जाहीर केलं होतं, तर या बाबाने ऐन वेळी "हे माझ्या आजीसाठी" म्हणून 'हिकरी विंड' सुरू केलं. यजमान भडकले. मला विचारशील तर उद्धटपणाच झाला, दुसऱ्याच्या देवळात आपली आरती म्हणू नये. पण आजीला दिलेलं गाणं परत कसं घेणार?

बर्ड्स त्याने त्याच उन्हाळ्यात सोडला. वर्णद्वेषाच्या दक्षिण आफ्रिकेत गाणार नाही म्हणाला. सोबत्यांचं म्हणणं, त्याला लंडनला रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सच्या संगतीत राहायचं होतं. दोन्ही खरं असेल.

मग त्याचा नवा बँड, फ्लाइंग बरिटो ब्रदर्स. १९६९ च्या त्यांच्या पहिल्या रेकॉर्डवरचा फोटो तू लहानपणी बघून हसायचास, आठवतं? पांढऱ्या सुटावर भरतकामाची गांजाची पानं, अफूची फुलं, औषधाच्या गोळ्या. पुढे ज्याने त्याला मारलं तेच त्याने अंगावर शिवून घेतलं होतं. त्या रेकॉर्डवर पेडल स्टील ऐक. आडवी ठेवलेली गिटार, हातात लोखंडी कांब, पायाखाली पेडल, आणि सूर मींडेसारखा ओढत नेतात. त्यांचा वादक स्नीकी पीट ती रॉकवाल्याच्या तोऱ्यात वाजवतो. रेकॉर्ड खपली नाही. त्याच बँडमधला एक जण पुढे ईगल्स या रॉक बँडमध्ये गेला आणि त्यांनी या धाटणीवर रग्गड कमावलं.

त्याचा आवाज तसा बेताचा, वरच्या पट्टीत तडकतो. वॉशिंग्टनच्या क्लबांत गाणारी एमिलू हॅरिस भेटली आणि तो आवाज उभा राहिला. आपल्या भजनात बुवा कुठे थांबणार हे पेटीवाल्याला आधी कळतं ना, तशी ती त्याच्याबरोबर वरच्या सुरात चालते.

१९ सप्टेंबर १९७३ ला तू चाललायस तिथल्याच वाळवंटातल्या जोशुआ ट्री इन या मोटेलच्या आठ नंबरच्या खोलीत मॉर्फिन आणि दारूने गेला. वय सव्वीस. प्रेत पळवणाऱ्या फिल कॉफमनचं आणि त्याचं आधीच ठरलं होतं: जो मागे राहील त्याने दुसऱ्याला वाळवंटात न्यायचं. विमानतळावरून शवपेटी उचलली, वाळवंटातल्या कॅप रॉक या खडकाजवळ पेट्रोल ओतलं, धड जळलंही नाही. प्रेत चोरण्याविरुद्ध कायदाच नव्हता, म्हणून दंड झाला तो पेटीच्या चोरीचा. हसू येतं खरं. पण त्या खोलीचा फोटो मला पाठवू नकोस.

मे महिन्यात तू माझ्या फोनवर गाणी घालून दिलीस, त्यात 'हिकरी विंड' दोनदा आलंय. एक काढून टाकणार होतो, मग कळलं की दोन वेगळी आहेत. एक १९६८ चं, बर्ड्सबरोबरचं. दुसरं एमिलूबरोबरचं, शेवटच्या वर्षातलं, तो गेल्यावर बाहेर आलेलं. त्यात प्रेक्षकांच्या टाळ्या, शिट्ट्या, बाटल्या फुटल्याचे आवाज आहेत. तो गलका सगळा खोटा, स्टुडिओत घातलेला.

गाडीत दोन्ही ऐका, आधी जुनं. पाणी भरपूर घे आणि रात्री तिथे थंडी असते, स्वेटर विसरू नकोस. आई विचारतेय, आंबापोळी संपली का?

तुझा,
बाबा