रविवारच्या श्रवणबैठकीची आठवण

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सायंकाळी साडेपाचला, गंगापूर रोडवर नेहमीच्या जागी बैठक आहे. या वेळी पाश्चात्त्य चेंबर संगीत ऐकायचं आहे: मोजके वादक, संचालक नाही, जवळजवळ आपल्या घरगुती बैठकीसारखंच. अशा वादकांची कारकीर्द घडते कशी, यावर बोलू.

उदाहरण अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या मार्लबोरो महोत्सवाचं. १९५१ पासून तिथे बुजुर्ग आणि उमेदीचे वादक शेजारी बसून एकेका रचनेची आठवडेच्या आठवडे तालीम करतात. थोर चेलोवादक पाब्लो कासाल्स (चेलो म्हणजे व्हायोलिनच्याच कुळातलं मोठं, खर्जातलं वाद्य) ऐंशी ओलांडल्यावरही तिथे येत. तिथल्याच सहवासातून १९६४ मध्ये ग्वार्नेरी ही चार तंतुवादकांची चौकडी उभी राहिली ती थेट २००९ पर्यंत. एवढ्या वर्षांत बदल एकच: २००१ मध्ये चेलोवादक डेव्हिड सॉयर थांबले आणि त्यांच्या जागी त्यांचेच शिष्य पीटर वायली आले. गुरूची जागा शिष्यानं घेणं आपल्याला नवं नाही, पण बाकीचे तिघे तेच राहून हे घडलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. हा भाग सावकाश ऐकू.

शेवटी आपल्या नाशकात १९२१ साली जन्मलेल्या द. वि. पलुसकरांचं थोडं गाणं. अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले.

गाणं-वाजवणं शिकणाऱ्या मुलांना जरूर आणा. खाली बसणं जमत नसेल त्यांनी शुक्रवारपर्यंत कळवा, खुर्च्या मोजक्याच आहेत. वादन सुरू असताना कृपया ये-जा नको, फोनही बंद ठेवा. चहा मध्यंतरात.