‘एवढी’ की ‘अशी’?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाताळ आला की कोल्हापुरात शुभेच्छा फलकांवर आणि रिक्षांच्या पाठीवर बायबलमधले एक वचन हमखास दिसते : योहान ३:१६. ‘देवाने जगावर एवढी प्रीती केली की त्याने आपला एकुलता एक पुत्र दिला.’ अमेरिकन मिशनरी रॉयल विल्डर १८५२ मध्ये इथे आले तेव्हापासून कोल्हापुरात शुभवर्तमान मराठीतून सांगितले जात आहे, आणि शब्बाथशाळेतल्या पोरांना सगळ्यात आधी पाठ होते ते बहुधा हेच वचन. पण पाठ झालेल्या वचनाची एक खोड असते. त्यातला शब्द पुन्हा कोणी तपासत नाही. इथे तो शब्द ‘एवढी’.

‘एवढी’ म्हटले की मराठी माणसाच्या डोक्यात माप येते. मग उपदेशातही ‘केवढी ही प्रीती!’ असा सूर लागतो आणि तिथेच थांबतो. मूळ ग्रीकमध्ये त्या जागी ‘हूतोस’ आहे, आणि त्याचा पहिला अर्थ ‘अशा रीतीने’. हे पडताळायला ग्रीक यायलाच हवे असे नाही. दोन वचने मागे जा. चौदाव्या वचनात, मोशेने अरण्यात जसा सर्प उंच केला तसे मनुष्याच्या पुत्राला (म्हणजे येशूला) उंच केले पाहिजे, असे आहे. त्या ‘तसे’च्या मागेही हूतोसच आहे. एकाच शब्दाचे मराठीत एकदा ‘तसे’ झाले आणि लगेच ‘एवढी’ झाले. सोळाव्या वचनात रीत आणि माप दोन्ही धरणारे अभ्यासक आहेत, त्यात गैर काही नाही. पण नुसते माप ठेवले की सापाची गोष्ट मागे सुटते, आणि सगळा अर्थ तर तिच्यातच आहे.

ती गोष्ट जुन्या करारातल्या ‘गणना’ पुस्तकाच्या २१ व्या अध्यायात आहे. मिसरातल्या (इजिप्तमधल्या) गुलामीतून सुटून मोशेबरोबर निघालेले इस्राएली लोक अरण्यात अन्नावरून कुरकुर करू लागले, विषारी साप आले, माणसे दगावली. लोकांचे मागणे होते, साप घालवा. साप गेले असे तिथे लिहिलेले नाही. मोशेने पितळेचा साप करून खांबावर लावला. ज्याला साप चावला त्याने त्याच्याकडे पाहिले की तो जगे. म्हणजे चावा टळला नाही, उतारा मिळाला, आणि पाहायचे मात्र ज्याचे त्याने. योहान ३:१६ मध्ये पुढे येणारे ‘जो कोणी विश्वास ठेवतो’ हे शब्द त्या पाहण्याला धरून आले आहेत. (पुढे लोक याच पितळी सापापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला : २ राजे १८:४. फलक लावणाऱ्यांनी हेही वाचलेले बरे.)

दुसरी गल्लत ‘अगापे’ची, म्हणजे प्रीतीसाठीच्या ग्रीक शब्दाची. अगापे देवाचे निःस्वार्थ प्रेम, फिलिया मैत्रीचे, एरोस शरीराचे, हा तक्ता प्रवचनांत फार चालतो. तक्ता सोपा आहे, पण पवित्र शास्त्र त्याला जुमानत नाही. तीनच वचने पुढे, ३:१९ मध्ये, माणसांनी प्रकाशापेक्षा अंधार जवळ केला तिथे क्रियापद अगापेचेच आहे, सोळाव्या वचनातले. प्रेषित पौलाचा सोबती देमास चालू जगाच्या मोहाने त्याला सोडून गेला (२ तीमथ्य ४:१०), तिथेही हेच. उलट योहान ५:२० मध्ये पिता पुत्रावर प्रीती करतो तिथे फिलियाचे क्रियापद ‘फिलेओ’ आहे. तेव्हा शब्दाला सोवळे नेसवू नये. कोणी, कोणावर, काय देऊन प्रेम केले, हे वाक्यच सांगते.

जुन्या करारातला देव कोपिष्ट आणि नव्यातला प्रेमळ, ही समजूत तर चर्चबाहेरही रूढ आहे. तिच्यावर उतारा म्हणून स्तोत्र १३६ मोठ्याने वाचावे. वचने २६, आणि प्रत्येकाच्या शेवटी ‘त्याची दया सनातन आहे’. एकाने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी पालुपद धरायचे, अशीच त्याची बांधणी. या ‘दये’मागचा हिब्रू शब्द ‘हेसेद’. दया वरचा माणूस खालच्यावर करतो. हेसेद म्हणजे नात्याला जागणे. ‘दिल्या शब्दाला जागला’ असे आपण म्हणतो, ते. रूथ १:८ मध्ये नामी आपल्या विधवा सुना तिच्याशी कशा वागल्या ते सांगते, तिथे हाच शब्द आहे. सुनांनी सासूवर ‘दया केली’ असे म्हणून पाहा, लगेच खटकेल. अडचणही लपवू नये : मिसरातली पहिली मुले मेली, सीहोन आणि ओग हे राजे मारले गेले, त्या ओळींनंतरही पालुपद हेच. गुलामीतून सुटलेल्यांचे ते गाणे आहे, त्यांच्या बाजूने म्हटलेले. उपासनेत या ओळी गाळून स्तोत्र गोड करून घेऊ नये. पंचविसाव्या वचनात ते सर्व प्राण्यांच्या अन्नापर्यंत येतेच. योना ४:११ मध्ये तर देव शत्रूच्या निनवे शहरातल्या १,२०,००० हून अधिक माणसांची काळजी करतो आणि जाता जाता गुराढोरांचीही.

आता मराठीचे. आपल्याकडे घरात ‘प्रीती’ कोणी बोलत नाही. पोरावर माया असते, त्याला जीव लावतात. ‘माया’ भाषांतरात अडते, कारण तिचा दुसरा अर्थ भ्रम. ‘जीव लावणे’ मात्र १ योहान ३:१६ च्या अगदी दारात नेऊन सोडते. त्याने आपल्यासाठी प्राण अर्पण केला यावरून प्रीती म्हणजे काय ते कळले, असे ते वचन आहे. आणि पुढचेच विचारते की गाठीला असूनही गरजवंत भावाकडे जो पाठ फिरवतो त्याच्यात ही प्रीती राहील कशी. समजावताना ‘जीव दिला’ असे मात्र म्हणू नये. मराठीत त्याने भलताच अर्थ होतो.

छापखान्यात होणारी चूक शेवटी. ‘योहान’ हे शुभवर्तमान, म्हणजे येशूचे चरित्र, आणि ‘१ योहान’ हे पत्र. आधीचा ‘१’ गळला की संदर्भ दुसऱ्याच पुस्तकात जातो. ‘देव प्रीती आहे’ हे १ योहान ४:८. योहान ४:८ उघडले तर शिष्य अन्न विकत घ्यायला गावात गेले होते, एवढेच सापडते. लग्नपत्रिकेवर ‘प्रीतीच्या ठायी भीती नसते’ छापणाऱ्यांनी तर मुद्रित दोनदा तपासावे. ते १ योहान ४:१८ आहे. ‘१’ राहिला, तर पाहुण्यांना तिथे भेटेल विहिरीवरची शोमरोनी बाई आणि तिला येशूने सांगितलेला हिशेब : तुला पाच नवरे होते.

आपला,
एक वाचक,
कोल्हापूर