खटला न्यायप्रविष्ट असेल, खात्याचा कारभार नव्हे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

विधिमंडळाचे अधिवेशन आले की मी प्रश्नोत्तरांच्या याद्या अजूनही वाचतो. सवय जात नाही. महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. नोकरीतली बरीच वर्षे भूसंपादन शाखेत गेली, आणि तारांकित प्रश्न (मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा) आला की उत्तराचा पहिला मसुदा आमच्याच टेबलावर व्हायचा. ‘हे खरे आहे काय?’ याच्यापुढे ‘अंशतः खरे आहे’ लिहायचे आणि शेवटच्या ‘विलंबाची कारणे काय आहेत?’ याच्यापुढे ‘प्रश्न उद्भवत नाही’. या दोन उत्तरांवर माझी निम्मी नोकरी निभावली. पण हुकमी एक्का तिसराच होता : ‘बाब न्यायप्रविष्ट आहे.’ त्यापुढे ना आमदार काही विचारत, ना साहेब.

हे पत्र त्या तिसऱ्या उत्तराबद्दल आहे.

न्यायालयापुढे असलेल्या विषयावर सभागृहात प्रश्न नको, ही नियमातली मर्यादा मला मान्य आहे. निकाल लागायच्या आधीच दोन-अडीचशे लोकप्रतिनिधी मिळून कोण खरा, कोण खोटा ते ठरवू लागले तर न्यायाधीशांनी करायचे काय? पण एखाद्या जमिनीचा दर किती असावा हा एक प्रश्न झाला. अपील मुदतीत का गेले नाही, वकिलाला कागद कधी मिळाले, त्याने काय मत दिले होते आणि ते कोणी डावलले, हा अगदीच दुसरा. पहिला न्यायाधीशांचा. दुसरा सरकारच्या विधी यंत्रणेच्या कामाचा, आणि त्याचा जाब सभागृहानेच विचारायला हवा. आम्ही कारकुनांनी हे दोन्ही प्रश्न वर्षानुवर्षे एकाच शिक्क्याखाली दाबले.

एक प्रकरण अजून डोळ्यांपुढे आहे. पाझर तलावात जमीन गेलेली. १८९४ च्या जुन्या भूसंपादन कायद्याचा काळ. शेतकऱ्याने कलम १८ खाली वाढीव मोबदला मागितला आणि दिवाणी न्यायालयाने तो दिला. उच्च न्यायालयात अपील करायला ९० दिवस. निकालाची सही-शिक्क्याची नक्कल हाती यायलाच महिना गेला. सरकारी वकिलांचे मत आले की अपील करण्यासारखे यात काही नाही. खरे तर विषय तिथेच संपायला हवा होता. पण ‘अपील करू नये’ असे स्वतःच्या सहीने लिहायची हिंमत कोणाची? उद्या कोणी संगनमताचा आरोप केला तर? म्हणून फाइल वर चढली. प्रांत, जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त, मग मंत्रालयातला प्रशासकीय विभाग आणि तिथून विधी व न्याय विभाग. एका टेबलावर ‘सादर’, दुसऱ्यावर ‘चर्चा करावी’. ‘चर्चा करावी’ लिहिले की फाइल पंधरा दिवस जागची हलत नाही, हे मंत्रालयात चपराशालाही ठाऊक असते. शेवटी ‘अपील दाखल करावे’ असे अभिमत उतरले तेव्हा मुदत संपून वर्ष उलटले होते. मग विलंबमाफीचा अर्ज आणि त्यासोबत दिवसादिवसाचा खुलासा देणारे शपथपत्र. ते मीच लिहिले. ‘प्रशासकीय कारणास्तव’ हे शब्द त्यात किती वेळा आले ते मोजले नाही.

त्या काळात व्याज चालूच होते. कायद्यानेच पहिल्या वर्षी ९ टक्के, पुढे १५ टक्के. वाढीव मोबदला दहा लाख धरा. वर्षाचे दीड लाख झाले, दिवसाचे चारशेच्या वर. हा हिशेब मी टिपणीत मांडला होता. साहेबांनी पेन्सिलीने बाजूला ‘अनावश्यक’ लिहून तेवढा परिच्छेद काढायला लावला. शेतकरी दर सोमवारी बाजार करून कचेरीत यायचा आणि दारातूनच विचारायचा, “भाऊसाहेब, आपली फाइल कुठवर आली?” याच प्रकरणावर स्थानिक आमदारांचा प्रश्न लागला. उत्तर गेले : शासनाने अपील दाखल केले असून बाब न्यायप्रविष्ट आहे. वस्तुस्थिती अशी, की अपील अजून नोंदवूनही घेतले नव्हते. नुसता स्टॅम्प नंबर, म्हणजे कागद जमा झाल्याचा तात्पुरता क्रमांक, पडला होता. खोटे काही लिहिले नाही, पण खरेही काही कळू दिले नाही.

हे एकट्या महाराष्ट्राचे दुखणे नाही. टपाल खात्याने ४२७ दिवस उशिरा आणलेले अपील सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये फेटाळले आणि विलंबमाफी हा सरकारी खात्यांनी गृहीत धरायचा लाभ नव्हे, असे बजावले. ऑक्टोबर २०२० मध्ये मध्य प्रदेश सरकारचे अपील आले, ते ६६३ दिवसांनी. तेव्हा न्यायालयाने अशा प्रकरणांना नावच ठेवले : ‘सर्टिफिकेट केसेस’. म्हणजे जिंकण्यासाठी नव्हे, तर ‘सर्वोच्च न्यायालयानेच फेटाळले’ एवढा दाखला फाइलला लावून अधिकाऱ्यांनी हात झटकण्यासाठी केलेली अपिले. राज्याला २५ हजारांचा दंड झाला आणि तो जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करायला सांगितले. तो आदेश वर्तमानपत्रात वाचला तेव्हा आमच्या शाखेतले सगळे चेहरे एकामागून एक आठवले, माझ्यासकट. पण दिवस मोजून जाब विचारायचे हे काम न्यायालयाला का करावे लागते? ज्यांनी आधी विचारायचे त्यांच्यासमोर आकडाच येत नाही, म्हणून.

आकडा का येत नाही, ते लेख्यांत काम केलेल्या माणसाला लगेच कळेल. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात खर्चाच्या दोन जाती असतात, सभागृहाच्या मताने मंजूर होणारा दत्तमत आणि मताविना थेट निधीवर पडणारा भारित. न्यायालयाचा हुकूमनामा किंवा निवाडा भागवायला लागणारी रक्कम राज्यघटनेच्या अनुच्छेद २०२ प्रमाणे राज्याच्या एकत्रित निधीवर भारित असते, आणि २०३ प्रमाणे भारित खर्च मताला टाकला जात नाही. यामागचा विचार योग्यच आहे. न्यायालयाने द्या म्हटलेले पैसे सभागृहाने मतदानाने अडवू नयेत. मात्र त्याच २०३ मध्ये पुढे असेही आहे, की या रकमांवर चर्चा करायला काहीही आडकाठी नाही. मत नाही, पण तोंड उघडायची पूर्ण मुभा. ती मुभा वापरून ‘ही रक्कम इतकी का फुगली?’ असे विचारलेले माझ्या वाचनात फारसे आलेले नाही.

दुसरी गंमत याहून मोठी. विधी व न्याय विभागाची अर्थसंकल्पातली खर्चाची मागणी ‘जे’ या अक्षराखाली येते. तिच्यात न्यायालयांचा खर्च येतो, सरकारी वकिलांची फी येते. हरलेल्या खटल्याचे व्याज मात्र ज्या खात्यासाठी जमीन घेतली त्याच्या नावावर, म्हणजे पाटबंधाऱ्याच्या किंवा बांधकामाच्या लेखाशीर्षाला पडते. सल्ला एकाचा, बिल दुसऱ्याचे. ‘जे’ मागणी पानोपान चाळली तरी चुकीच्या सल्ल्याची किंमत त्यात सापडायची नाही. पाटबंधारे खात्याला विचारावे तर ते म्हणणार, आम्ही विधी विभागाच्या अभिमताप्रमाणे वागलो. आणि विधी विभाग म्हणणार, आम्ही फक्त अभिमत देतो, निर्णय त्या खात्याचा. हा चेंडू मी स्वतः दोन्ही बाजूंनी टोलवला आहे.

या विभागाच्या सचिवांचे पद विधी परामर्शी असेही असते. इंग्रजीत त्याला ‘रिमेंब्रन्सर ऑफ लीगल अफेअर्स’ म्हणतात, म्हणजे शब्दशः पाहिले तर आठवण करून देणारा. मुदतीच्या तारखांची आठवण करून देणे हे त्यातले सगळ्यांत साधे काम असायला हवे.

महाधिवक्त्यांचे, म्हणजे राज्य सरकारच्या सर्वोच्च वकिलांचे काय, असे कोणी विचारील. अनुच्छेद १७७ ने त्यांना विधिमंडळात येऊन बोलण्याचा हक्क दिला आहे. मताचा नाही, बोलण्याचा. एरवी आपल्याला महाधिवक्ता हे पद सभागृहाच्या संदर्भात कधी आठवते? मार्च २०१६ मध्ये आठवले होते. स्वतंत्र मराठवाड्याबद्दलच्या विधानावरून अधिवेशनात गदारोळ झाला आणि तेव्हाचे महाधिवक्ता श्रीहरी अणे यांनी राजीनामा दिला. त्या वादात कोणाची बाजू बरोबर होती यात मला शिरायचे नाही. एका भाषणावरून दोन्ही सभागृहे दणाणतात. पण त्याच कार्यालयाच्या हाताखालच्या वकिलांनी वर्षभरात किती अपिले उशिरा लावली, यावर कोणी बाक वाजवत नाही, एवढेच मला खुपते.

सरकारी वकिलांच्या नेमणुकांबद्दल दोनच वाक्ये. आपल्याकडे त्यासाठी १९८४ चे नियम आहेत, आणि नेमणुका मर्जीने नव्हे तर पारखून, पारदर्शक रीतीने व्हाव्यात असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये पंजाब आणि हरियाणाच्या प्रकरणात सांगितले आहे. सरकार बदलले की वकिलांची यादी बदलते आणि नव्या माणसाला जुन्या फाइली समजावून सांगायला पुन्हा आमच्यासारखा कारकूनच उभा राहतो, हे मात्र मी पाहिलेले आहे.

दिल्लीत सगळे आलबेल आहे असे नाही. २०१० मध्ये केंद्राने राष्ट्रीय वाद धोरण आणले, सरकारने जबाबदार पक्षकार व्हावे असे त्यात छान लिहिले, आणि ते कागदावरच राहिले. एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा नवे निर्देश काढावे लागले. पण तिथे निदान आकडा तरी मिळतो. खासदारांनी विचारले तेव्हा कायदा मंत्रालयाला सांगावे लागले की २०२३-२४ मध्ये खटले लढवण्यावर ६६ कोटी रुपये खर्च झाले, आधीच्या वर्षापेक्षा ९ कोटी जास्त. आणि केंद्र पक्षकार असलेली जवळजवळ सात लाख प्रकरणे तेव्हा प्रलंबित होती, त्यांतली सुमारे दोन लाख एकट्या अर्थ मंत्रालयाची. हे सांगता आले, कारण खटल्यांची संगणकीय नोंद ठेवणारी एक व्यवस्था होती आणि कोणीतरी नेमका प्रश्न विचारला. हरल्यावर भरलेले व्याज कोणत्या पुस्तकात शोधायचे, ते पुन्हा वेगळेच. ब्रिटनमध्ये तर सरकारी विधी विभागाचा वार्षिक अहवाल आणि हिशेब दरवर्षी हाऊस ऑफ कॉमन्सपुढे ठेवला जातो. आपली संसदीय पद्धत तिथूनच आली, मग एवढेच नेमके बोटीतून उतरवायचे कसे राहिले?

यावर एक आक्षेप येणार, तोही रास्तच. वकील आणि अशील यांच्यातला सल्ला गुप्त असतो, सरकारही अशीलच आहे. तो सभागृहात उघडा केला तर समोरच्या पक्षाच्या हाती आयते हत्यार मिळेल. कबूल. चालू खटल्यातला सल्ला कोणी मागतच नाही. मागायच्या आहेत त्या तारखा, संख्या आणि रुपये. निकाल कधी लागला, अपील कधी लागले, मधले दिवस किती, व्याज किती. यातले काहीही सांगितले तर सरकारचा खटला कमकुवत होत नाही. संबंधितांची पंचाईत होते, ती गोष्ट निराळी.

तेव्हा आपल्या वृत्तपत्रामार्फत आमदारांना एवढीच विनंती, की अर्थसंकल्पी अधिवेशनात ‘जे’ मागणी येण्याआधी विधी व न्याय विभागाने सर्व खात्यांचे मिळून एक वार्षिक पत्रक पटलावर ठेवावे, असा आग्रह धरा. ‘माहिती घेऊन पटलावर ठेवण्यात येईल’ असे उत्तर मिळाले तर ते सभागृहाच्या ‘आश्वासन समिती’कडे, म्हणजे मंत्र्यांनी दिलेली आश्वासने पाळली का ते पाहणाऱ्या समितीकडे, लावून धरा, सोडू नका. पत्रकाचा नमुना करायला समिती नको, आमच्या शाखेत तो चहा थंड व्हायच्या आत तयार झाला असता. पहिला रकाना खात्याचे नाव. दुसरा, वर्षात निकाली निघालेली आणि सरकार हरलेली प्रकरणे. तिसरा, मुदतीनंतर दाखल केलेली अपिले आणि सरासरी उशीर, दिवसांत. चौथा, सरकारी वकिलाचे मत विरोधी असताना केलेली अपिले आणि त्यांतली जिंकलेली. पाचवा, वकिलांची फी. सहावा, भरलेले व्याज. सातव्या रकान्याला रिवाजाप्रमाणे ‘शेरा’ म्हणतात. तिथे ‘बाब न्यायप्रविष्ट आहे’ असे लिहायला माझी काही हरकत नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त अव्वल कारकून, कराड